चार हुतात्म्यांचे स्मृतिदालन उभारताना: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत, वाचनालयात किंवा मंडळाच्या जागेत चार हुतात्म्यांच्या नावे लहान संग्रहालय करायचे अनेकांच्या मनात असते. पैसे गोळा होतात, काचेची कपाटे येतात, मोठे फ्लेक्स लागतात. पाच-सहा वर्षांत कागद पिवळे पडतात, टोपीला कसर लागते आणि कुठली वस्तू कुणी दिली हे सांगणारे कुणी उरत नाही. ते टळावे म्हणून ही प्रश्नोत्तरे. खर्चाच्या गोष्टी यात कमी आहेत, शिस्तीच्या जास्त.

दालन फक्त चौघांचे करावे की १९३० च्या सगळ्या लढ्याचे?

सुरुवात चौघांपासून करा, पण तिथेच थांबू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली, हे सोलापुरात बहुतेकांना माहीत असते. त्याआधीचे आठ महिने मात्र धूसर असतात, आणि दालनाचे खरे काम तिथेच आहे.

४ मे १९३० च्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली. ती बातमी येताच सोलापुरात हरताळ पडला आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला. जमावाने मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीला आणि न्यायालयाच्या इमारतीला आग लावली. पुढचे काही दिवस शहरातून इंग्रजी अंमल जवळजवळ उठला होता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत टिकला. चौकीत पोलीस मारले गेल्याच्या खटल्यात या चौघांना गोवले गेले.

हा क्रम भिंतीवर तारखांसह लावला की चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणाऱ्या मुलाला ‘हे चौघेच का?’ याचे उत्तर मिळते. शंकर शिवदारे यांना स्वतंत्र फलक द्याच. बहुतेक जण त्यांना विसरतात.

जागा किती लागते? खोली कशी निवडावी?

२० फूट × १५ फुटांची एक वर्गखोली पुरते. तीत चार-पाच प्रदर्शन पेट्या आणि २५-३० वस्तू मावतात, एका वेळी २०-२५ मुले फिरू शकतात. दोन पेट्यांमधली वाट किमान ९० सेंटिमीटर ठेवा, १२० असली तर उत्तम. व्हीलचेअर तेव्हाच वळते.

पश्चिमेकडच्या खिडक्यांची खोली नको. वर संडास, पाण्याची टाकी किंवा गच्चीवरचा उघडा नळ असलेली खोली तर अजिबात नको. पत्र्याच्या छताची खोलीही टाळा, कारण मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की त्या पत्र्याखाली कागद अक्षरशः भाजतो. इमारत दोन मजली असेल तर खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडे खिडक्या असलेली खोली घ्या आणि जोत्याची ओल आधी तपासा.

वस्तू मिळणार कुठून? हुतात्म्यांच्या वापरातल्या वस्तू आमच्याकडे नाहीत.

नसल्या तरी चालेल. त्या काळाच्या वस्तू जुन्या घरांत अजून आहेत: टकळी, चरखा, खादीची टोपी, तुरुंगातून आलेले पत्र, सुटकेचा दाखला, गिरणीतला बिल्ला, १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात केंद्र सरकारने दिलेले ताम्रपट, स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचे कागद. पेठांतून जाताना ‘काही ऐतिहासिक आहे का?’ असे विचारू नका, उत्तर ‘नाही’च येते. ‘आजोबांची पत्र्याची पेटी आहे का?’ असे विचारा.

कागदपत्रांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ पाहा. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार हा दुसरा मोठा साठा. दोन्हीकडे इंग्रजी नोंदींत शहराचे नाव जुन्या वर्तनीने, म्हणजे ‘शोलापूर’ असे आहे. आजच्या वर्तनीने शोधल्यास बरेच हाती लागत नाही आणि माणूस ‘काहीच नाही’ म्हणून परततो. गृह खात्याच्या राजकीय विभागाच्या १९३० आणि १९३१ च्या फायलींपासून सुरुवात करा. त्या फायली राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेल्या आहेत, त्यांत आंदोलक म्हणजे ‘दंगेखोर’. फलकावर तो शब्द उद्धृत करायचा तर कोणाचा आहे हे शेजारी लिहा.

वस्तू दान घेताना काय काय लिहून घ्यायचे?

ही पायरी चुकली तर पुढचे सगळे वाया जाते. पाने शिवलेली आणि पानांना क्रमांक असलेली जाड नोंदवही घ्या. सुट्या कागदांची फाइल नको, नुसता संगणकही नको. प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक द्या: वर्ष, त्या वर्षातले कितवे दान, त्या दानातली कितवी वस्तू. म्हणजे २०२६.४.२ याचा अर्थ २०२६ सालच्या चौथ्या दानातली दुसरी वस्तू. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसरीला द्यायचा नाही.

क्रमांकासमोर वस्तूचे नाव, माप, कशाची बनली आहे, कुठे फाटली-झिजली आहे, कोणी दिली, त्यांच्याकडे कशी आली आणि देताना ते काय म्हणाले हे लिहा. शेवटचा रकाना त्यांच्याच शब्दांत भरा. दानपत्रावर सही घ्या आणि वस्तू कायमची दिली की ठरावीक मुदतीसाठी, हे स्पष्ट करा. ‘ठेवायला दिली होती’ आणि ‘दिली होती’ या दोन वाक्यांवरून पुढच्या पिढीत भांडणे होतात. भावंडे असतील तर एकाच भावाच्या सहीवर समाधान मानू नका.

क्रमांक लिहिण्याची पद्धत वस्तूप्रमाणे बदलते. कागदावर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने. कापडावर सुती फितीवर लिहून ती फीत दोन-तीन सैल टाक्यांनी शिवायची. बॉलपेन, स्टेपलर, चिकट लेबल कशावरच नको.

तलवार किंवा बंदूक कोणी देऊ केली तर ताब्यात घेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याची चौकशी करा.

‘ही टोपी हुतात्म्यांचीच आहे’ असे घरचे सांगतात. फलकावर तसे लिहावे का?

पुरावा असेल तर लिहा. ती टोपी घातलेला फोटो, तुरुंगाने परत केलेल्या सामानाची यादी, त्या काळचे पत्र, असे काही हवे. नसेल तर ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द फलकाच्या पहिल्या ओळीत असू द्या. त्यात कुटुंबाचा अपमान नाही, उलट आठवण ही आठवण म्हणून जपली जाते. खोटा ठरलेला एक फलक शेजारच्या वीस खऱ्या फलकांवरचा विश्वास घालवतो. चौघांनी आपले आयुष्य दिले आहे, त्यांच्या नावापुढे आपण अंदाज खपवू नये.

१९३० च्या मिरवणुकीच्या चित्रात कोणता झेंडा दाखवायचा?

ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की स्वतंत्र उत्तर द्यावेच लागते. मे १९३० मध्ये अशोकचक्राचा तिरंगा नव्हता, तो २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला गेला. केशरी-पांढरा-हिरवा आणि मध्ये चरखा हा झेंडासुद्धा काँग्रेसने १९३१ मध्ये, म्हणजे चौघांच्या फाशीनंतर स्वीकारला. १९३० चा स्वराज्याचा झेंडा वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा आणि त्यावर चरखा असा होता. चित्रकाराला हे आधीच कागदावर काढून द्या, तोंडी सांगितलेले रंग हमखास बदलतात.

जुने वर्तमानपत्र, पत्रे लॅमिनेट करून घेतली तर टिकतील ना?

नाही. लॅमिनेशन कधीही करू नका. त्यात कागद शंभर अंशांहून जास्त तापलेल्या रुळांखालून जातो, प्लॅस्टिक त्याच्या तंतूंत उतरते आणि पुन्हा सुटत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निन या लाकडी घटकामुळे तो स्वतःच आम्ल तयार करतो आणि आतूनच जळत जातो. लॅमिनेशनच्या आत हे चालूच राहते. सेलोटेपचेही तसेच: काही वर्षांत गोंद तपकिरी होऊन कागदात झिरपतो, टेप गळून पडते आणि डाग उरतो.

करायचे ते असे. पिना आणि क्लिपा काढा. गंजून चिकटलेली पिन ओढू नका, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून तिच्यावरून उचला. मऊ ब्रशने मधून बाहेर धूळ झटका. घडी उघडायला कडक वाटली तर जबरदस्ती नको, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. कोरड्या हवेत कागद घडीवरच तुटतो, म्हणून ते काम पहिल्या पावसानंतर हवा थोडी मऊ झाली की करा. मग प्रत्येक पान ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदाच्या पाकिटात, आडवे ठेवा. पीव्हीसीच्या फायली नकोत. नव्या फायलीला येणारा तो प्लॅस्टिकचा वास हीच धोक्याची खूण. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालते.

प्रदर्शनात मूळ पान नाही, त्याची चांगली रंगीत प्रत लावा. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ पत्राचे संपादक होते. अशा पत्राचा एखादा अंक कुणाकडून मिळालाच तर तो एकही दिवस उन्हात ठेवण्याची चूक परवडणारी नाही.

खादीची टोपी मळकी आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवावी का?

धुऊ नका. घामाचा डाग, तेलाची कडा, ठिगळ हा त्या टोपीचा इतिहासच आहे. मार्शल लॉच्या काळात गांधी टोपी घालणे हेच धाडस होते. ती पांढरीशुभ्र केली तर नुकत्याच विकत आणलेल्या टोपीत आणि तिच्यात फरक काय राहिला?

धूळ काढण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधा, ओढ सगळ्यात कमी ठेवा आणि कापडापासून एक-दोन सेंटिमीटर वर धरा. टोपीच्या आत ॲसिड-फ्री कागदाचे सैल बोळे भरा, म्हणजे घडीवर ताण येत नाही. झेंडा किंवा उपरण्यासारखे लांब कापड खिळ्याला टांगू नका आणि घडीही घालू नका. किमान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर आधी मांजरपाट गुंडाळा, त्यावर वस्तू, वरून पुन्हा मांजरपाट. कोरा मांजरपाट आपल्याकडे सहज मिळतो, पण तो खळीचा असतो आणि खळ म्हणजे किड्यांचे जेवण. वापरण्यापूर्वी गरम पाण्यात, साबण किंवा सॉफ्टनर न घालता तीनदा धुवा.

ताम्रपट काळा पडला आहे, चिंचेने घासला तर?

चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नको. दर दिवाळीला घासून अक्षरे पुसट झालेले ताम्रपट बऱ्याच घरांत दिसतात. वरचा तपकिरी थर धातूचे रक्षण करतो, तो राहू द्या. कोरड्या सुती फडक्याने धूळ पुसा आणि हातमोजे घालून उचला, कारण बोटांच्या घामातले मीठ तांब्यावर ठसा उमटवते. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसले तर वस्तू वेगळी, कोरड्या डब्यात ठेवा आणि धातुसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा.

कागदासाठी मात्र हातमोजे नकोत. सुती मोज्यांत कडा अडकून पान फाटते. हात धुऊन कोरडे करणे पुरेसे.

फोटो काचेला चिकटला आहे.

ओढू नका. चौकटीसकट, काचेवरूनच स्कॅन करा किंवा दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश देऊन फोटो काढा. लहान फोटोंसाठी ६०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), दस्तऐवजांसाठी ३०० ते ४०० पुरे. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवा, वाटण्यासाठी जेपेग वेगळी. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ही मूळ प्रत धरू नका, पाठवताना तो दाबून लहान होतो. भारतीय कायद्याप्रमाणे छायाचित्राचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो, त्यामुळे १९३० मध्ये छापलेले फोटो वापरायला मोकळे आहेत.

उन्हाळ्यात दालनात कूलर लावावा का?

पाण्याचा कूलर नको, कितीही उकडले तरी. आपला उन्हाळा कोरडा असतो, कागद-कापड त्या कोरडेपणाशी हळूहळू जुळवून घेते. कूलर सकाळी सुरू करून संध्याकाळी बंद केला की हवेतली ओल दिवसात दोनदा वरखाली होते. तंतू फुगतात, आकसतात, फोटोचा थर तडकतो. उष्णतेइतकाच हा हेलकावा घातक. एसी फक्त शाळेच्या वेळेत चालवून रात्री बंद करणेही तसेच. सावली, गच्चीवर पांढरा रंग, जाड पडदे आणि पंखा यांवर भागवा.

एक साधा आर्द्रतामापक आणा आणि सकाळी ९ व दुपारी ४ वाजता आकडा वहीत लिहा. ४५ ते ६० टक्के चांगले. ६५ च्या वर काही दिवस राहिले की बुरशी धरते, तसे आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरात होऊ शकते. तेव्हा पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या ठेवा, वस्तूला न टेकवता. निळ्या रंगाच्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट असते, नारिंगी घ्या. रंग उडाला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा वापरता येते.

पेटी सुताराकडून करून घेतली, आत दिवे लावले. ठीक आहे ना?

दिवे बाहेर काढा. एलईडीसुद्धा बंद पेटीत उष्णता साठवतो. कागद, कापड, फोटो यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश नको. म्हणजे बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला खोली आधी अंधारी वाटते आणि दोन मिनिटांत सगळे दिसू लागते, एवढा. मोबाइलवरच्या लक्समापकाने अंदाज येतो. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही, म्हणून मूळ वस्तू तीन महिने मांडा आणि मग अंधारात विश्रांती द्या.

प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लयुक्त वाफा निघतात. नवी पेटी रंग-पॉलिश झाल्यावर किमान चार आठवडे उघडी ठेवा, आतून ॲल्युमिनियम फॉइल लावून त्यावर धुतलेला मांजरपाट ताणा. साठवणीसाठी लोखंडी कपाट लाकडीपेक्षा चांगले, फक्त सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर हवा.

कसर आणि वाळवी?

डांबराच्या गोळ्या बंद करा. त्यांची वाफ माणसांना त्रासदायक असते आणि काही प्लॅस्टिक मऊ करते. कडुनिंबाचा पाला, वेखंड ठेवायचे तर पुरचुंडीत आणि कपाटाच्या कोपऱ्यात, वस्तूंमध्ये नाही. वाळलेल्या पाल्याचा चुराच पुढे किड्यांना आसरा देतो. खरे औषध म्हणजे दर पंधरा दिवसांनी कपाटामागची झाडलोट आणि दालनात खाण्यापिण्याला मनाई.

लागण झालेली टोपी किंवा वही पॉलिथीनच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड वस्तूवर दव धरते. काचेच्या निगेटिव्ह आणि पॉलिश केलेल्या लाकडी वस्तूंना हा उपाय नाही. भिंतीतून वाळवीची मातीची नळी दिसली तर मात्र इमारतीलाच उपचार लागतात.

फलक कोणत्या भाषेत?

मराठी मुख्य. पण सोलापूर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही बोलते, आणि १९३० चा उठाव या सगळ्यांनी मिळून केला होता. निदान प्रवेशाचा फलक आणि चौघांचे परिचय चारही भाषांत द्या. भाषांतर त्या भाषेत वाचणाऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या, यंत्राचे जसेच्या तसे छापू नका.

वस्तूच्या फलकावर ५०-६० शब्द, भिंतीवरच्या मोठ्या मजकुरात १५० पर्यंत. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको, मजकुराचा मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंटिमीटरवर. फ्लेक्सचा चकाकता कागद दिव्याखाली वाचता येत नाही, मॅट घ्या.

फाशीचा देखावा उभारावा का?

आमचे मत: नाही. मुलांना दोर आणि पुतळा तेवढा लक्षात राहतो, ती माणसे राहत नाहीत. त्याऐवजी येरवड्यापर्यंतचा प्रवास तारखांनी दाखवा आणि शेवटच्या भिंतीवर चार नावे पूर्ण लिहून बाकी भिंत मोकळी ठेवा.

१२ जानेवारीच्या कार्यक्रमाची तयारी कशी करावी?

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची धामधूम याच दिवसांत असते, रस्ते बदललेले असतात, आणि राजमाता जिजाऊ व स्वामी विवेकानंद यांच्या जयंतीचा कार्यक्रमही शाळेत त्याच दिवशी असतो. म्हणून शाळांच्या भेटी ५ ते १० जानेवारीत वाटून द्या.

हार, हळदकुंकू, उदबत्ती, समई दालनाबाहेर. फुलांतून किडे येतात, धुराची काजळी कापडावर बसते, कुंकवाचा डाग निघत नाही. दाराबाहेर प्रतिमा ठेवून तिथे पूजन करा. पाहुण्यांना हे आदल्या दिवशीच सांगितले तर कुणी रागावत नाही.

घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत.

उशीर करू नका. १९३० पाहिलेली पिढी गेली, आता ऐकलेले सांगणारी पिढी आहे, तीही थकली आहे. पंखा बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर, माइक तोंडापासून एक वीत. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्यांचे नाव मोठ्याने म्हणा आणि वापराची लेखी संमती घ्या. ‘तुम्ही पाहिले की ऐकले? कोणाकडून?’ हा प्रश्न प्रत्येक प्रसंगानंतर विचारा. ज्या भाषेत ते घरी बोलतात त्याच भाषेत बोलू द्या.

छत गळले, कागद भिजले. आधी काय करायचे?

वीज बंद. मग भिजलेले कागद उचलताना खाली प्लॅस्टिकचा कागद सरकवून, गठ्ठ्यानेच उचला. ओली पाने एकेक सोडवायचा प्रयत्न करू नका. उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. टीपकागद किंवा कोरा, न छापलेला कागद मध्ये घालून सावलीत पसरा, दर दोन तासांनी बदला, पंखा हवा खेळती राहील असा लावा पण थेट कागदावर नको. बुरशी साधारण ४८ तासांत धरते. तेवढ्या वेळात सगळे वाळणार नसेल तर उरलेले पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुढे सवडीने थोडे थोडे काढून वाळवा. शाई पसरलेली पाने वेगळी ठेवा. त्यांचा आधी फोटो काढून घ्या.